सिझेरियननंतरची व्रणग्रंथी : हेतु आधीच ओळखता येतात

उपनगरातील वैद्याच्या चिकित्सालयात महिन्यातून दोन-चार तरी अशा स्त्रिया येतात, की ज्यांची सांगितलेली तक्रार केस गळणे, कंबरदुखी किंवा दूध कमी येणे अशी असते; आणि औषधाच्या पुड्या हाती घेऊन उठता उठता त्या हळूच विचारतात, ‘‘टाक्यांच्या जागी खाज येते, दोरीसारखं कडक झालंय. काही लावायला द्याल का?’’ प्रश्न इतका सहज विचारला जातो, की आपणही तितक्याच सहजतेने एखादे तेल लिहून देतो. आम्हीही अनेक वर्षे तेच करीत होतो. हा लेख त्या सवयीविषयी आहे.

सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण किती वाढले आहे, हे आपण रोज पाहतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातील १७.२ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हा आकडा २१.५ टक्क्यांवर गेला आणि महाराष्ट्रात तो २५.४ टक्के होता. खाजगी रुग्णालयांपुरते पाहिले तर देशभरात ४७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दोघींमागे एक. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत प्रसूतिगृहे बहुतांशी खाजगी आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे आपल्यापुढे बसलेली बाळंतीण ही निम्म्या वेळा सूतिका तर असतेच, पण व्रणिताही असते. शस्त्रक्रिया योग्य होती की अयोग्य, हा वाद येथे नको. व्रण झालेला आहे. तो कसा भरून येणार, हा आपला प्रश्न.

शास्त्राचा आधार

सुश्रुताचार्यांनी ‘व्रण’ शब्दाची व्युत्पत्ती सांगताना भरून आल्यावरही देह असेपर्यंत ज्याची खूण नाहीशी होत नाही, असा अर्थ दिला आहे. या खुणेला ते व्रणवस्तु म्हणतात. आपण ज्याला मराठीत वण म्हणतो तो हाच. म्हणजे वण राहणे ही विकृती नव्हे. मग उत्तम भरलेला व्रण कोणता? सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे : गाठ नाही, सूज नाही, वेदना नाही, रंग त्वचेसारखा आणि पातळी आजूबाजूच्या त्वचेशी समान. रुग्णेच्या पोटावरील वण तपासताना याहून सोपे परिमाण आम्हांला आजवर सापडलेले नाही. या पाचांपैकी कोणती गोष्ट बिघडली आहे, एवढे टिपून ठेवले तरी पुढील भेटीत वण सुधारतो आहे की वाढतो आहे, हे निश्चित सांगता येते.

त्याहून महत्त्वाचा उल्लेख वाग्भटाचार्यांचा आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात ग्रंथींचे नऊ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक व्रणग्रंथी आहे. तिचे हेतु पाहण्यासारखे आहेत. व्रण अजून भरलेला नाही किंवा नुकताच भरला आहे. अशा स्थितीत रोगी सर्व प्रकारचे रस निर्बंधाविना सेवन करतो. व्रण ओलसर राहतो, किंवा त्यावर बंध नसतो, किंवा त्या जागी आघात होतो. मग प्रकुपित वात तेथील दुष्ट रक्त सुकवून गाठ निर्माण करतो आणि तीत दाह व कंडू असतात. केलॉइड किंवा हायपरट्रॉफिक स्कार झालेल्या रुग्णेला काय होते असे विचारा. ती ‘आग होते आणि खाज येते’ हेच दोन शब्द सांगेल.

याच अध्यायात साध्य ग्रंथी म्हणून दोषज, रक्तज व मेदोज यांचीच नावे येतात. व्रणग्रंथीचे नाव त्या यादीत नाही. शिवाय मर्म, कंठ व उदर या स्थानांच्या ग्रंथी साध्यांतून वगळल्या आहेत. सिझेरियनच्या वणावरील ग्रंथी ही व्रणज आणि उदरस्थ अशी दोन्ही बाजूंनी अडचणीची आहे. आधुनिक वैद्यकाचा अनुभवही वेगळा नाही. केलॉइड केवळ कापून काढले तर निम्म्याहून अधिक रुग्णांत ते पुन्हा येते, आणि बहुधा आधीपेक्षा मोठे येते. तेव्हा झाल्यावर काय लावायचे, यापेक्षा होऊ नये म्हणून कोणाकडे आधीपासून लक्ष द्यायचे, हा प्रश्न आपल्या हाती अधिक आहे.

दोन वण, दोन स्वभाव

हेतूंकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करावयास हवा. कारण ‘केलॉइड’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे आणि कोणत्याही उंचावलेल्या वणाला तो लावला जातो.

हायपरट्रॉफिक वण शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत उंचावू लागतो. तो लाल, कडक व खाजरा असतो, पण छेदाच्या रेषेबाहेर जात नाही. काही महिने वाढतो, स्थिरावतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात बहुधा आपोआप बसू लागतो. केलॉइड मात्र अनेकदा तीन महिन्यांनंतर, कधी वर्षानंतरही सुरू होते. छेदाची हद्द ओलांडून निरोगी त्वचेत शिरते, खेकड्याच्या नांग्यांसारखे पसरते आणि आपोआप ओसरत नाही. सिझेरियननंतर आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांत पहिला प्रकार असतो. म्हणूनच कोणत्याही तेलाला यश येते! सहाव्या महिन्यात सुरू केलेले तेल बाराव्या महिन्यात गुणकारी ठरते, यात तेलाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आमच्या संग्रही अशा ‘यशस्वी’ नोंदी पुष्कळ होत्या. हा भेद लक्षात घेऊन त्या पुन्हा वाचल्या तेव्हा त्यांतील थोड्याच टिकल्या.

कान, नाक आणि डावा दंड

आता मुख्य विषय. कोणत्या स्त्रीचा वण बिघडण्याचा संभव अधिक आहे, हे सातव्या महिन्यात, शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच, बव्हंशी कळू शकते. त्यासाठी कोणतीही तपासणी विकत घ्यावी लागत नाही. आपल्याकडील स्त्रीच्या अंगावर लहानपणापासून तीन-चार व्रण झालेले असतात आणि ते कसे भरले याचा पुरावा ती बरोबर घेऊनच फिरत असते.

प्रथम कान पाहावा. पाळीचे भोक नेहमीचे असते. पण अलीकडे मुली कानाच्या वरच्या कूर्चेत दुसरे-तिसरे भोक पाडून घेतात आणि केलॉइड तेथेच फार लवकर दिसते. पाळीच्या मागच्या बाजूस मटाराएवढी गाठ असेल तर ती केसांखाली लपलेली असते. केस बाजूला सारून बोटाने चाचपावे. नंतर नाक : चमकीच्या भोकाशी फुगीर मांस आहे काय? मग डावा दंड. जन्मानंतर दिलेल्या बी.सी.जी. लसीचा वण तेथे असतो. तो सपाट व खोलगट असेल तर चिंता नाही. उंच, चकचकीत, ओढल्यासारखा व आजही खाजणारा असेल तर ही स्त्री केलॉइडच्या प्रकृतीची आहे असे समजून चालावे. छातीवर किंवा पाठीवर तारुण्यपिटिकांचे कडक उंचवटे राहिले आहेत काय, हेही विचारावे. अखेरीस आई, बहीण, मावशी यांच्या अंगावर असे वण आहेत का, ते विचारावे. कुळात ही प्रवृत्ती वाहते. एकदा तपासणीसाठी आलेल्या गर्भिणीने हा प्रश्न ऐकल्यावर बरोबर आलेल्या आईकडे पाहिले, आणि त्या बाईंनी न बोलता बांगड्या वर सारून मनगटावरील भाजल्याचा वण दाखविला. उत्तर मिळाले.

पहिली प्रसूती सिझेरियनने झाली असेल तर सर्वांत मोठा साक्षीदार तोच जुना वण. तो कसा आहे, किती काळ लाल होता, आज खाजतो काय, हे विचारल्याशिवाय दुसऱ्या खेपेच्या स्त्रीला आम्ही सोडीत नाही.

वर्ण व वय यांचाही संबंध आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा सावळ्या व काळ्या त्वचेत केलॉइड अधिक आढळते आणि दहा ते तीस वर्षे या वयात त्याचा जोर अधिक असतो. आपल्याकडील बहुतांश प्रसूती याच वयाच्या उत्तरार्धात होतात. गर्भारपणातील अंतःस्रावांमुळे जुने केलॉइडही फुगल्याचे दिसते. कानावरील गाठ ‘या पोटाच्या वेळी वाढली’ असे एखादी सांगते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा. ही तीन कारणे बदलता येत नाहीत. ती केवळ सावधगिरीची खूण आहेत.

शरीर आणि शस्त्रकर्म

बदलता येण्याजोगी कारणे पुढे येतात. पहिले पांडुत्व. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास या वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असल्याचे पाचव्या सर्वेक्षणात आढळले. रक्त कमी, त्यातून शस्त्रक्रियेत रक्त गेले, मग व्रण उशिरा भरतो. आणि जो व्रण तीन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळतो त्याचा वण उंचावण्याचा संभव वाढतो. गर्भारपणातील मधुमेह व अतिस्थौल्य यांचेही तसेच. स्थूल स्त्रीच्या ओटीपोटाची घडी आडव्या छेदावर येते. आत घाम साठतो, हवा लागत नाही, जंतुसंसर्ग होतो. वाग्भटाचार्यांचा ‘ओलसर व्रण’ हा हेतु मुंबईत आम्हांला फार खरा वाटतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. अर्धवट ओली अंतर्वस्त्रे अंगावर चढतात. आणि नेमका त्यांचा इलॅस्टिक पट्टा आडव्या वणावरून जातो. उभा छेद असेल तर परकराची किंवा सलवारीची नाडी त्याच्या वरच्या टोकाशी घासते. हे लहानसे कारण आम्ही प्रत्येक रुग्णेस विचारतो आणि नाडीची जागा बदलण्यास सांगतो.

छेदाविषयी थोडेसे. ओटीपोटावरील आडवा छेद १९०० साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ फॅननस्टील यांनी वर्णन केला आणि आज बहुतेक नियोजित शस्त्रक्रिया तसाच छेद घेऊन होतात. त्वचेच्या ताणाच्या रेषा पोटावर साधारण आडव्या असल्यामुळे या छेदावर ताण कमी पडतो व वण बारीक राहतो. उभा छेद या रेषांना आडवा छेदून जातो. प्रत्येक खोकल्याबरोबर, उठण्या-बसण्याबरोबर त्याच्या कडा ओढल्या जातात. काही प्रसंगी उभा छेद अपरिहार्य असतो. त्याबद्दल शल्यविशारदाला दोष देणे अनुचित होय. परंतु असा छेद झालेली स्त्री ही अधिक लक्ष देण्याजोगी, हे मात्र नक्की. लांबलेल्या वेणांनंतर, पाणी जाऊन बराच वेळ झाल्यावर, मध्यरात्री घाईने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर व्रणदूषणाची भीती नियोजित शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असते. टाक्यांतून पू आला, टाके एका टोकाला उसवले, पुन्हा घालावे लागले, असा इतिहास असेल तर पुढील सहा महिने वणाकडे पाहत राहणे आवश्यक. डिस्चार्ज कार्डावर हे सारे एखाद्या ओळीत लिहिलेले असते. ते मागून वाचावे. अनेक स्त्रिया शस्त्रक्रिया एका गावी, बाळंतपण माहेरी आणि औषध सासरच्या वैद्याचे अशा तीन ठिकाणी विभागलेल्या असतात. कार्ड आणले नाही तर मधला सर्व वृत्तान्त हरवतो.

आमच्याच हातून होणारे हेतु

आता थोडे अप्रिय. सूतिकापरिचर्येत अभ्यंग, स्वेद, उदरवेष्टन, धूपन या सर्वांना स्थान आहे आणि ते असावे. पण ती परिचर्या स्वाभाविक प्रसूती झालेल्या स्त्रीसाठी सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणी मृत झाली असता आणि कुक्षीत स्पंदन असता उदर छेदून गर्भ बाहेर काढण्याचा निर्देश आहे. जिवंत मातेच्या उदरावर व्रण असताना तिची परिचर्या कशी करावी, हे प्राचीनांपुढे आलेलेच नव्हते. तेव्हा आजच्या सिझेरियन झालेल्या सूतिकेला सूतिकेचे नियम आणि व्रणिताचे नियम दोन्ही लागू होतात, आणि जेथे ते परस्परविरुद्ध असतील तेथे व्रणाचा मान आधी, असे आमचे मत आहे.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका बाळंतिणीस आम्ही शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी सर्वांगाला तेल व शेक सांगितला. व्रण वरून भरलेला दिसत होता. मालिश करणाऱ्या बाईने पोटावरही हात जोराने फिरविला, शेगडीचा शेक दिला, वर घट्ट पट्टा बांधला. चौथ्या दिवशी व्रणाच्या डाव्या टोकातून पाणी येऊ लागले. पुढे महिनाभर ड्रेसिंग चालले आणि सहा महिन्यांनी त्या टोकाशी बोटभर रुंदीचा कडक वण राहिला. उजवे टोक मात्र केसासारखे बारीक. एकाच छेदाची ही दोन टोके म्हणजे आम्हांला मिळालेला धडाच होता. चूक मालिश करणाऱ्या बाईंची नव्हती. ‘पोट वगळून’ हे दोन शब्द आम्ही लिहिले नव्हते.

यामागील कारण समजून घ्यावे. वरचा पापुद्रा जुळला म्हणजे आतील जोड पक्का झाला असे नव्हे. तिसऱ्या आठवड्यात जोडाचे बळ मूळ त्वचेच्या बळाच्या पाव-तृतीयांशाहून अधिक नसते; तीन महिन्यांनी ते सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते आणि पूर्ववत कधीच होत नाही. त्या आधी ओढले, चोळले, भाजले तर शरीर त्याला नवा आघात समजते आणि अधिक तंतू विणते. म्हणून आम्ही आता पहिले सहा आठवडे वणावर व त्याच्या चार बोटे आजूबाजूस मर्दन करू देत नाही. पाय, पाठ, कंबर, डोके यांना अभ्यंग जरूर द्यावा. बाळंतशोपा, वावडिंग, ओवा यांची धुरी जमिनीवर बसवून, व्रण झाकून. गरम पाण्याची पिशवी पोटावर नाही. भाग बधिर असतो, त्यामुळे भाजल्याचे तिला कळतही नाही. पोटपट्टा आधारापुरता असावा, त्याची कड वणावर येऊ नये आणि रात्री तो काढावा. काही घरांत हळद-चुन्याचा लेप लावतात. तो या जागी सर्वथा वर्ज्य करावा, कारण चुना दाहक आहे.

आहाराबाबत संहितेचे वचन आणि घरातील रीत यांचा मेळ बसत नाही. व्रणितासाठी सुश्रुताचार्यांनी नवधान्य, माष, तीळ, गूळ, पिष्टाचे पदार्थ, दही इत्यादि वर्ज्य सांगितले. आणि आपली बाळंतीण पहिल्या दिवसापासून डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू खाते. लाडूंमुळे केलॉइड होते असे आधुनिक संशोधनाने दाखविलेले नाही, आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रीला उपाशी ठेवून व्रण भरत नाही. आम्ही मध्यम मार्ग ठेवतो : पहिले दहा-बारा दिवस मऊ भात, मुगाचे वरण, तूप, ताक न घालता केलेली पेज, पचेल तसे दूध, मांसाहारी असेल तर सूप, पुढे लाडू एक-एक करून. रक्तवर्धक औषध व पुरेशी प्रथिने चालू हवीत. याहून कडक पथ्य सासूबाईंच्या हाती दिले तर बाळंतिणीच्या ताटात काही उरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

औषधालयाच्या काउंटरवर

हा भाग औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधु-भगिनींसाठी. ‘टाक्यांवर लावायला काहीतरी’ अशी मागणी तुमच्याकडे आमच्यापेक्षा अधिक येते. पहिली गोष्ट : व्रण पूर्ण भरला आहे काय, पाणी येते काय, टाके किती दिवसांपूर्वी काढले, हे विचारल्याविना काहीही देऊ नये. पाणी, पू, लाली, ताप यांपैकी काही असेल तर ट्यूब नव्हे, त्याच दिवशी प्रसूतिगृहाचा रस्ता दाखवावा.

दुसरी गोष्ट जात्यादि तेलाची. ते व्रणशोधक व रोपक म्हणून उत्तमच. परंतु त्यात तुत्थ, म्हणजे मोरचूद, आहे. उघड्या, दुष्ट व्रणासाठी जे योजिले ते मिटलेल्या वणावर महिनोन्महिने चोळत राहण्याचे प्रयोजन नाही. शिवाय अंगावर पिणारे बाळ त्याच पोटाशी असते. मिटलेल्या वणाला मऊपणा हवा असेल तर साधे शतधौत घृत पुरते आणि त्याने अपाय नाही.

तिसरी, स्टेरॉइडची मलमे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त १४ बाह्य औषधांना दिलेली सूट काढून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही खाजेवर म्हणून ती मागितली जातात. अशी मलमे आजूबाजूची चांगली त्वचा पातळ करतात, भुरकट डाग आणतात आणि जाड वणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतही नाहीत. ती देऊ नयेत.

मग द्यावे काय? आश्चर्य वाटेल, पण अतिशय स्वस्त असा एक उपाय तुमच्या फळीवर आहे : कागदी चिकटपट्टी, ज्याला सारे मायक्रोपोर म्हणतात. ऑस्ट्रेलियात पहिल्याच वेळी सिझेरियन झालेल्या ७० स्त्रियांवर केलेली एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या वणावर बारा आठवडे अशी पट्टी चिकटविली होती. त्यांच्यात उंचावलेल्या वणांचे प्रमाण पट्टी न लावलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. पट्टी कडांवरील ताण घेते, एवढेच तिचे कार्य. बंधरहित व्रण हा वाग्भटाचार्यांचा हेतु येथे आठवतो. टाके निघून, व्रण कोरडा झाल्यावर, वणाच्या लांबीवर पट्टी लावावी, भिजली तरी चालते, चार-सहा दिवसांनी सुटली की बदलावी. काढताना ओढू नये. तेलाचे बोट फिरवून सोडवावी. पट्टीखाली पुरळ आले तर थांबवावे. मुंबईच्या दमट हवेत दहापैकी एखादीला ते येतेच.

ज्यांच्या कानावर किंवा दंडावर केलॉइडची खूण आढळली त्यांच्यासाठी सिलिकॉनची पट्टी किंवा जेल अधिक योग्य. व्रण पूर्ण मिटल्यावर सुरू करून दिवसाचे किमान बारा तास, दोन-तीन महिने तरी ती लावावी लागते. आठवडाभर वापरून ‘गुण नाही’ म्हणून सोडणाऱ्यांनी पैसे वाया घालविले असे समजावे. ग्राहकाला हे विकतानाच सांगितले पाहिजे.

ग्रंथी झाल्यावर

वण उंचावला, पण रेषेतच आहे, असे असेल तर धीर धरून पट्टी किंवा सिलिकॉन, सहा आठवड्यांनंतर हलक्या बोटाने घृताचे मर्दन, आणि रक्तप्रसादनासाठी मंजिष्ठा, सारिवा यांची योजना आम्ही करतो. गुग्गुळकल्प स्तनपान चालू असताना आम्ही टाळतो.

येथे अवसादनाविषयी एक खुलासा करावासा वाटतो. साठ उपक्रमांत अवसादन आहे म्हणून कासीस, मनःशिला यांसारखी द्रव्ये केलॉइडवर लावण्याचे प्रयोग काही ठिकाणी होतात. सुश्रुताचार्यांनी अवसादन उघड्या व्रणातील वर आलेल्या मृदु मांसासाठी सांगितले आहे. केलॉइड मिटलेले आणि कठीण असते. त्यावर दाहक द्रव्य लावणे म्हणजे नवा व्रण करणे होय. अग्निकर्म, क्षारकर्म आणि जळवा यांविषयीही तेच म्हणता येईल. ज्या त्वचेत सुईच्या टोचीवर गाठ येते तेथे जळवेच्या प्रत्येक दंशावर गाठ येऊ शकते.

वण रेषेबाहेर पसरू लागला, रुग्णेला झोपेत खाजविण्याइतकी कंडू आहे, किंवा कानावरचे केलॉइड आधीच होते, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे ट्रायॲम्सिनोलोनची सुई वणाच्या आत, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. कूपर, सायन, केईएम येथील त्वचाविभागात ही सोय आहे. लवकर पाठविलेल्या रुग्णेला कमी सुया लागतात. हा आमच्या अनुभवाचा भाग आहे आणि तो कबूल करण्यात वैद्यकीचा कमीपणा नाही.

गाठ नेहमीच वणाची नसते. वणाच्या टोकाशी खोलवर गाठ आहे आणि ती दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखते, फुगते, एरवी निवळते, असे सांगणारी स्त्री आली तर गर्भाशयाच्या अंतःस्तराचे पेशीजाल वणात रुजले असल्याची शंका घ्यावी. त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही ती प्रकट होते. ग्रंथी समजून कांचनार गुग्गुळ देत बसल्यामुळे वर्ष वाया गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. सोनोग्राफी करून शल्यविशारदाकडे पाठवावे. खोकल्यावर वणाजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया. आणि बाहेरचा वण सुरेख आहे म्हणून गर्भाशयावरील वणही सुरेख असेल अशी ग्वाही कोणी देऊ नये. पुढील गर्भारपणात वार जुन्या वणावर बसली आहे काय, हे सोनोग्राफीनेच कळते.

सातव्या महिन्यात कान, नाक, दंड पाहून झाल्यावर आम्ही एक चिठ्ठी लिहून गर्भिणीच्या फाइलमध्ये लावतो. ती प्रसूतितज्ज्ञांना उद्देशून असते आणि तीत चारच ओळी असतात : अमुक ठिकाणी केलॉइड आहे, मातेला किंवा बहिणीला आहे, आधीच्या सिझेरियनचा वण इतकी वर्षे लाल होता, शस्त्रक्रिया करावी लागल्यास कृपया त्वचेचे टाके घालताना याचा विचार व्हावा आणि टाके काढल्यावर रुग्णेस आमच्याकडे पाठवावे. बोरिवलीच्या एका प्रसूतितज्ज्ञांनी पहिली अशी चिठ्ठी वाचून दूरध्वनी केला आणि विचारले, ‘‘वैद्यजी, तुम्ही कानाच्या मागे बघितलंत?’’ तेव्हापासून त्यांच्याकडील रुग्णा डिस्चार्जच्या दिवशीच मायक्रोपोरची गुंडाळी हाती घेऊन आमच्याकडे येतात.